लोकर बांधलेली फांदी

किकुजीच्या हाताला वाढलेली फांदी सोसत नसे, आणि त्यात त्याचा फारसा दोष नव्हता. वन सहकारी संस्थेने अडतीस वर्षं त्याला पगार दिला तो फांद्या उतरवण्याचाच. आमच्या हिनोकुबोच्या डोंगरावर युद्धानंतर जिकडेतिकडे सुईसारख्या पानांचे लार्च लावले गेले. सरळ लाकूड हवं तर खालच्या फांद्या वेळेवर काढाव्या लागतात, नाहीतर फळीत गाठी येतात. किकुजी सकाळी कमरेचा पट्टा आवळून झाडावर चढायचा आणि संध्याकाळी सदऱ्यात, कानात, जेवणाच्या डब्यात लार्चच्या सुया घेऊन घरी यायचा. त्याची बायको चिसे त्याला अंगणातच उभा करून झाडूने झटकायची.

"यांच्यासमोर मासा वाढायची सोय नाही," ती शेजारणींना सांगायची. "काटा आडवा दिसला की आधी तो छाटतात."

निवृत्त झाल्यावर करवत गेली आणि वीतभर कात्री आली. गावच्या बोन्साय मंडळात तो आधीपासून होता, आता सकाळ-संध्याकाळ कुंड्यांतच बसू लागला. मंडळात त्याच्याइतका चलाख हात कुणाचा नव्हता, हे मीसुद्धा कबूल करीन. पण छाटायचं कसं हे ज्याला कळतं त्याला थांबायचं कधी हे कळतंच असं नाही. ते कळायचं तोमेझोला.

तोमेझो टोफूवाला. वडिलांचंच दुकान पुढे चालवलं त्याने. सोयाबीन भिजेपर्यंत थांबायचं, दूध गोठेपर्यंत थांबायचं, पाणी निथळेपर्यंत थांबायचं, यातच त्याचा जन्म गेला, म्हणून असेल कदाचित, त्याला कशाचीच घाई नसायची. किकुजी आणि तो एका वर्गातले. दोघं तिशीत असताना एका रविवारी डोंगरावर गेले आणि कड्याच्या एकाच भेगेत वाढलेली लार्चची दोन खुरटी रोपं त्यांना मिळाली. वाऱ्याने पिळलेली, गुडघ्याएवढीही नाहीत. एक एकाने घेतलं, एक दुसऱ्याने. किकुजीचं रोप तिसऱ्या वर्षी मेलं.

"कापून कापून मारलंस त्याला," तोमेझो म्हणाला होता. हसतच म्हणाला होता, मनात काही ठेवून नाही. पण किकुजीने ते मनात ठेवलं, ते चाळीस वर्षं.

तोमेझोचं झाड मात्र दरवर्षी देखणं होत गेलं. खोडाला खवले आले, मुळांनी कुंडीची कड धरली. मे महिन्यात लार्चला हिरवे झुबके फुटतात आणि त्यांतले काही झुबके लांब धुमारे सोडायला लागतात. ते कोवळे असतानाच खुडावे लागतात. पण सरसकट खुडून चालत नाही. शेंड्याकडचे धुमारे जोरात धावतात, सगळा रस आपल्याकडे ओढतात, म्हणून आधी त्यांना आवरायचं. खालचे अशक्त असतात, त्यांना जरा वाढू द्यायचं. आणि जिथे नवी फांदी हवी असेल, तिथला एक धुमारा पूर्ण मोकळा सोडायचा. तो उन्हाळाभर हात-दीड हात वाढतो, ओबडधोबड दिसतो, पण त्याच्यामुळे ती जागा भरून येते. हे तोमेझोला जमायचं. उघडंवाघडं, वेडंवाकडं झाड दोन दोन वर्षं तो खुशाल लोकांना दाखवायचा.

या मोकळ्या सोडलेल्या धुमाऱ्याला आमच्या मंडळात लोकर बांधायची पद्धत आहे. मे महिन्यात आम्ही एकमेकांच्या घरी खुडायला जातो, एका झाडाभोवती चार-पाच जणांचे हात चालतात, मग चुकून भलताच धुमारा मोडायला नको. म्हणून त्याच्याभोवती लोकरीचं एक कडं सैल बांधायचं. सैल अशासाठी, की धुमारा जाड होतो. लोकर दिसली की हात मागे. मंडळात येणाऱ्या नवख्या माणसाला कात्री धरायच्या आधी आम्ही हे शिकवतो.

एका मे महिन्यात तोमेझोचा उजवा हात चालेनासा झाला. मग पाय. ऑगस्टमध्ये तो गेला. एकोणपन्नासाव्या दिवसाचं श्राद्ध उरकल्यावर त्याची बायको हात्सुए हातगाडीवर झाड घेऊन किकुजीच्या दारात आली. कुंडी जुन्या रजईत गुंडाळलेली.

"मला यातलं काही कळत नाही हो, किकुजीसान," ती म्हणाली. "तुमच्याकडे राहिलं तर त्यांना बरं वाटेल."

"वहिनी, अगदी निर्धास्त राहा," किकुजी म्हणाला.

रजई काढली तर झाडाच्या खालच्या डाव्या बाजूने एक धुमारा हातभर बाहेर आलेला. बाकी झाड नीट खुडलेलं, आणि हा एकच उंडारलेला. बुडाशी जांभळ्या लोकरीचं कडं.

ऑक्टोबर संपत आला होता. लार्च पिवळाधमक झाला होता आणि तीन नोव्हेंबरला गावच्या सभागृहात मंडळाचं प्रदर्शन होतं. किकुजीने झाड फिरत्या पाटावर ठेवलं, एकदा फिरवलं, दोनदा फिरवलं. दर फेरीला तो धुमारा त्याच्या डोळ्यात खुपायचा. तोमेझोचं शेवटचं प्रदर्शन, त्यात असलं शेपूट कशाला, असं त्याने मनाला सांगितलं. लोक काय म्हणतील, असंही सांगितलं. खरं जे होतं ते त्याने मनालाही सांगितलं नाही. खुडण्यापलीकडे या झाडाला चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याचा हात लागणार होता, आणि तो लागलेला लोकांना दिसायला हवा होता.

लोकर त्याने पाहिली होती. पाहिली नसती तर काढली कशी असती? कडं कापायला त्याचं मन झालं नाही. त्याने ते नखाने हळूहळू सोडवत धुमाऱ्यावरून वर वर सरकवलं आणि टोकाकडून काढून घेतलं. वाटेतल्या पिवळ्या सुया त्याच्या तळहातावर गळाल्या. मग कात्री लावली. राळेचा एक थेंब आला. त्यावर त्याने लेप चोपडला, लोकरीचं कडं कात्र्यांच्या खणात टाकलं आणि चहा प्यायला आत गेला.

प्रदर्शनात झाड मधल्या मेजावर होतं. खाली पाटी: कै. तोमेझो यांचं झाड, आणि बारीक अक्षरांत, सांभाळ: किकुजी. मंडळाचे अध्यक्ष ओगिहारा चष्मा पुसून बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"तोमेझोकडे हे जरा सैल असायचं," ते म्हणाले. "आता कसं आवरल्यासारखं वाटतंय. किकुजीसान, तुमचा हात कळतो."

चाळीस वर्षं किकुजी या वाक्यासाठी थांबला होता. त्याने मान लववली, पण चेहऱ्यावरचं हसू काही त्याला लपवता येईना. तेवढ्यात हात्सुए आली. कापडात बांधलेले भाताचे गोळे तिच्या हातात, सगळ्यांसाठी आणलेले. तिने झाड समोरून पाहिलं, मग डावीकडे जाऊन वाकली.

"इथे एक होती ना?" तिने बोट दाखवलं. "लांब. माझी."

"तुमची?"

"हो. मे महिन्यात यांचा हात चालेना तेव्हा मला म्हणाले, यंदा मंडळाला नको बोलवायला, तू खुड, मी बसून सांगतो. आख्खं झाड खुडलं मी. दोन दिवस लागले. आणि ही एक ठेवायला लावली. म्हणाले, ही बाजू बोडकी राहिलीय, इथे तुझी फांदी होऊ दे. पुढच्या वर्षी तार गुंडाळून वळण द्यायला शिकवतो म्हणाले होते." ती जरा हसली. "लोकर पण माझ्याच स्वेटरची."

ओगिहारा शेजारीच उभे होते, आणखी चौघं-पाच जण होते. मी कापली, एवढे दोनच शब्द होते.

"वाळली ती, वहिनी," तो म्हणाला. "काढावी लागली."

"वाळली?"

"हो."

हात्सुए आपल्या बोटांकडे पाहत म्हणाली, "मी नख लावलं असेल. हे सारखे ओरडायचे, नख लावू नकोस, पेराने मोड. माझ्या हातून कुठेतरी लागलंच असेल."

"असेल," किकुजी म्हणाला.

माझं विचाराल तर 'वाळली' हे मी त्याला माफ केलं असतं. माणूस चारचौघांत घाबरतो, तोंडातून भलतंच जातं. पण 'असेल' म्हणण्याआधी त्याला विचार करायला वेळ मिळाला होता. बाई स्वतःच्या डोक्यावर खापर फोडून घेत होती आणि याने ते नीट धरून दिलं.

त्या दिवशी तिने आणलेला भाताचा गोळा त्याने खाल्ला नाही. आत खारवलेलं आंबट प्लम होतं, त्याच्या आवडीचं. त्याने तो खिशात घालून घरी आणला आणि चिसेच्या नकळत कोंबड्यांना टाकला.

पुढच्या मे महिन्यात धुमारे सुटले. तोमेझोचं झाड खुडायला किकुजीने हात्सुएला निरोप पाठवला. निरोपाला ती आली नाही, म्हणून तो स्वतः गेला. दुकान तेव्हा बंदच होतं. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

"चला ना, वहिनी. शेंड्याकडचं तेवढं तुम्ही करा."

"नको, किकुजीसान."

"अहो, सोपं आहे. तुम्ही केलंय की."

"केलं आणि काय झालं ते पाहिलं ना?" ती शांतपणे म्हणाली. "त्यांचं चाळीस वर्षांचं झाड, आणि मी दोन दिवसांत त्याची फांदी घालवली. तुम्ही करा. तुमच्या हाताला गुण आहे."

तेव्हा सांगायला हवं होतं. अंगणात चिटपाखरू नव्हतं. पण चारचौघांत जे निघालं नाही ते एकट्यात निघेल ही त्याची समजूतच खोटी निघाली. तो "बरं" म्हणाला आणि परतला. घरी येऊन त्याने झाड खुडायला घेतलं. एरवी ज्या हाताला कधी विचार करावा लागला नव्हता तो हात प्रत्येक धुमाऱ्यापाशी अडायला लागला. हा ठेवू की मोडू? अर्ध्या दिवसाचं काम चार दिवस पुरलं. डावीकडच्या त्या लेप लावलेल्या जागेकडे तो पाहायचा टाळायचा, आणि टाळायचं म्हणून पुन्हा पुन्हा तिकडेच पाहायचा.

त्या साली उन्हाळ्यात चिसेला कात्र्यांच्या खणात लोकर सापडली. ती सुतळी शोधत होती.

"ही हात्सुएच्या स्वेटरची लोकर," ती म्हणाली. "तुमच्या खणात काय करतेय?"

"झाडाबरोबर आली."

"झाडाबरोबर आली म्हणजे झाडाला होती ना?"

"होती."

चिसेने ते कडं उलटसुलट करून पाहिलं. "गाठ तर जशीच्या तशी आहे," ती म्हणाली. चिसेने कडं परत खणात ठेवलं आणि खण बंद केला. पन्नास वर्षांच्या संसारात तिने त्याला इतक्या कमी शब्दांत कधी सोडलं नव्हतं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

शरद ऋतूत चिसे एके दिवशी ढकलगाडीवर शेवंतीच्या सहा कुंड्या घेऊन घरी आली. हात्सुएच्या शेवंत्या. दरवर्षी ती त्यांचे शेंडे खुडून खुडून एकेका झाडावर शंभर फुलं आणायची आणि देवळाच्या पायऱ्यांवर मांडायची.

"या कशाला?" किकुजीने विचारलं.

"देऊन टाकल्या. काकडीच्या वेलाचा शेंडासुद्धा खुडला नाही म्हणे यंदा, सगळा मांडव पानांनी भरलाय आणि काकडी एक नाही. मला म्हणते, माझा हात लागला की वाळतं. म्हटलं, कोणी सांगितलं तुला? म्हणते, सांगायला कशाला हवं." चिसेने कुंड्या एकेक करून खाली उतरवल्या. शेवटची त्याच्या पायाशी ठेवली. "अहो, पन्नास वर्षं टोफू कापलाय त्या बाईने. तिच्या हाताइतका हलका हात गावात नाही. तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"काही नाही."

"मग नाही सांगितलंत ते सांगून या."

तरी हिवाळा गेला. बर्फ पडलं आणि वितळलं. प्रत्येक वेळी काहीतरी आडवं यायचं, आणि किकुजीला ते आडवं आलेलं बरंच वाटायचं. एकदा तर निम्म्या वाटेवरून, घरी गॅस चालू राहिला असेल म्हणून तो परत आला, आणि त्याच्या घरी गॅस पेटवायचं काम चिसेचं होतं. स्वतःची इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. रात्रंदिवस नव्हे, पण खुडायला बसलं की, टोफू खाल्ला की, जांभळं काही दिसलं की ती वाटायची.

मग पुन्हा मे आला. झाडाला झुबके फुटले. एका सकाळी पाणी घालताना किकुजीला दिसलं की डावीकडच्या त्या जखमेच्या काठाशी, लेपाच्या अगदी कडेला, सालीतून एक हिरवा डोळा बाहेर आलाय. तांदळाच्या दाण्याएवढा. जुन्या सालीतून असा डोळा फोडणं लार्चला जमतं, हे त्याला ठाऊक होतं. पण तो दीड वर्षांनी नेमका तिथेच यावा? तो ओल्या बाकावर तसाच बसला.

त्याने झाड छोट्या ट्रकवर चढवलं, रजईत गुंडाळलं, आणि खणातलं लोकरीचं कडं खिशात घातलं. वाटेत तो मोठ्याने घोकत होता. वहिनी, ती वाळली नव्हती. मी कापली. मला वाटलं, राहून गेलेला धुमारा आहे. चुकून कापली. एवढं त्याने ठरवलं होतं. लोकरीचं काय, ते त्याने ठरवलं नव्हतं. कडं मग खिशात का घेतलं, हेही त्याने स्वतःला विचारलं नाही.

हात्सुएने दार उघडलं. झाड पाहून तिचा चेहरा पडला. "परत आणलंत? काही झालं का त्याला?"

"नाही, नाही. बरं आहे. वहिनी, बसा जरा."

"तुम्ही तर उभे आहात."

तो ओसरीच्या कडेवर बसला. तीही बसली. झाड दोघांच्या मध्ये.

"ती फांदी वाळली नव्हती," किकुजी म्हणाला. पुढचं एका दमात आलं. "मी कापली. प्रदर्शनाच्या आधी. मला वाटलं, राहून गेलेला धुमारा आहे, चुकून कापली, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा सगळे होते, तोंडातून गेलं वाळली म्हणून. तुमचा हात लागून काही झालं नव्हतं. उत्तम खुडलं होतं तुम्ही. मी इतकं नीट खुडत नाही."

हात्सुएने आपले हात उलटे करून पाहिले, मग सुलटे.

"म्हणजे माझं नख नाही लागलं?"

"नाही."

"मी नाही घालवली?"

"नाही, वहिनी. तुम्ही नाही."

तिने एक लांब श्वास सोडला. आता ही रागावेल, ओरडेल, असं किकुजीला वाटत होतं, आणि त्याला ते हवंही होतं. पण ती ज्या आवाजात बोलली तो आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता.

"दीड वर्ष मी रोज सकाळी यांच्या फोटोपुढे भात ठेवते आणि माफी मागते," ती म्हणाली. "रोज. घंटा वाजवते, हात जोडते आणि म्हणते, तुमची फांदी माझ्या हातून गेली हो, मला नीट जमलं नाही. आजसुद्धा मागितली. तुम्ही यायच्या तासभर आधी."

किकुजीला खाली मान घालायलाही जागा उरली नाही. आपल्या खोट्याचा भार हात्सुए वाहतेय हे त्याला माहीत होतं, पण ती तो रोज उचलून तोमेझोसमोर नेते, हे त्याच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. शाळेपासूनच्या मित्रासमोर दीड वर्ष रोज खोटी साक्ष झाली होती, आणि ती त्याच्याच शब्दाने.

"चला," हात्सुए उठली.

"कुठे?"

"आत. आता त्यांना तुम्ही सांगा. मी रोज चुकीचं सांगितलंय, ते तुम्हीच निस्तरा."

आतल्या खोलीत पितरांच्या देव्हाऱ्याची दारं उघडी होती. तोमेझोचा फोटो टोफूच्या दुकानातला, डोक्याला फडकं बांधलेला. सकाळचा भात अजून समोर होता. हात्सुएने उदबत्ती लावली, घंटा वाजवली आणि बाजूला जाऊन किकुजीच्या मागे बसली.

किकुजी गुडघे मोडून चटईवर बसला. तिला सांगायला त्याने सबंध वाट घोकलं होतं. याला काय सांगायचं, ते घोकलेलं नव्हतं. फोटोतला तोमेझो काही हसत नव्हता, पण केव्हाही हसेल असा दिसत होता. कापून कापून मारलंस.

"तोमेझो," तो पुटपुटला, "ती फांदी मी..."

"मोठ्याने बोला," मागून हात्सुए म्हणाली. "शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं."

किकुजीने घसा साफ केला. "फांदी मी कापली, तोमेझो. वहिनींनी नाही. मला वाटलं की राहून गेलेला..."

इथे तो अडला. बाईला जे खपलं ते या टोफूवाल्याला खपणार नव्हतं. राहून गेलेला धुमारा आणि ठेवलेला धुमारा यांतला फरक किकुजीला कळत नाही, असं सांगितलं असतं तर तोमेझो फोटोतून उठून बसला असता.

त्याने खिशात हात घातला आणि लोकरीचं कडं काढून भाताच्या वाटीशेजारी ठेवलं.

"नाही," तो मोठ्याने म्हणाला. "लोकर दिसली होती मला. ठेवलेली आहे हे कळलं होतं. तुझ्या झाडाला माझा हात लागलेला दिसावा म्हणून कापली. चुकून नाही. हे मी आत्ता वहिनींनाही खोटं सांगितलं, बाहेर."

मागे कपड्यांची सळसळ झाली. हात्सुए पुढे आली. तिने कडं उचललं, उजेडाकडे धरलं आणि गाठीवरून बोट फिरवलं.

"माझीच गाठ," ती म्हणाली. "कापलीही नाही तुम्ही."

"नाही. सरकवून काढली."

"मी पेन्सिल मध्ये धरून बांधली होती ही. हे म्हणाले होते, पेन्सिल जाईल इतकी सैल ठेव, फांदी तेवढी वाढली की मग बघू." तिने कडं बोटावर चढवून पाहिलं, मग काढलं. "काढलीत तेव्हा सैल होती?"

किकुजीला नको होतं ते उत्तर द्यायला. पण आता खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"नाही, वहिनी. घट्ट बसली होती. नखाने सोडवावी लागली. वेळ लागला."

हात्सुएने मान हलवली. तिने कडं परत वाटीशेजारी ठेवलं, फोटोसमोर हात जोडले आणि तिच्या आवाजात दीड वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी उजळलेलं ऐकू आलं.

"ऐकलंत?" ती मोठ्याने म्हणाली. "पेन्सिलीएवढी झाली होती माझी फांदी."

किकुजीने कपाळ चटईला टेकलं होतं. त्याला कोणी उठा म्हणालं नाही, आणि तो बराच वेळ उठला नाही.